गाण्याआधीचं अर्धं मिनिट

मी लोकांचे कान तपासते. गेली एकोणीस वर्षं. आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत जाड भिंतींची एक पेटी आहे, मोठ्या कपाटाएवढी, आत एक खुर्ची. माणूस माझ्या काचेकडे पाठ करून बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी बाहेरून सूर सोडते. ऐकू येत असेल तोवर त्याने बटण दाबून धरायचं, माझ्यासमोर हिरवा दिवा लागतो. पाठ अशासाठी, की माझा हात हललेला दिसला तर लोक अंदाजाने दाबतात. आपल्याला ऐकू येत नाही हे कबूल करणं माणसाच्या जिवावर येतं.

दर दोन महिन्यांनी त्या खुर्चीत आई बसायची. तिचा आलेख मीच काढायचे आणि दर खेपेला रेघ थोडी खाली सरकलेली असायची. डॉक्टर म्हणाले होते, कान फार तर सहा महिने टिकतील. घरी मी हे बोलले नाही. पण आईला आलेख कळत नसला तरी माझा चेहरा कळतो.

"धाकट्याचं ते गाणं एकदा नीट ऐकव मला," ती म्हणाली. "कान आहेत तोवर."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. आठ महिन्यांपूर्वी अपघातात गेला. मागे त्याच्या खोलीत कॉम्प्युटर, माइक आणि एक अर्धवट गाणं राहिलं. गिटार वेगळी, आवाज वेगळा, सगळं कच्चं. दोन कडवी गायलेली, तिसरं राहूनच गेलं. तीन मिनिटं अकरा सेकंदांना पडद्यावरची आवाजाची रेघ संपते.

हे सगळं जुळवून त्याचं गाणं करायचं तर ते काम शिकणं भाग होतं. मी शिकण्यासाठी काय काय मिळतं ते शोधायला लागले. वहीत दोन रकाने आखले, उपयोगी आणि निरुपयोगी. दुसरा भराभर भरला. व्हिडिओंमधली पोरं पहिली पाच मिनिटं ओरडण्यात घालवायची आणि पुढची पाच कुठला माइक घ्यावा यात. लायब्ररीतून आणलेलं जाडजूड पुस्तक तिसऱ्या पानापासून डोक्यावरून गेलं. एका क्लासवाल्याने दोन वर्षांचा कोर्स सांगितला. आईच्या कानांना तेवढी सवड नव्हती.

शेवटी भावाच्या ड्रमर मित्राला फोन केला. त्याला सगळे ठोक्या म्हणतात; समोर काहीही आलं तरी तो ते वाजवतो.

"ताई, कान तयार आहेत तुमचे, अर्धं काम झालं," तो म्हणाला. "एक-दोन चांगल्या लिंक आहेत, पाठवतो."

संध्याकाळी मेलवर एक लिंक आली. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. त्याचीच, असं मी धरून चालले.

बारा धडे होते. चेहरा नाही, फक्त पडदा आणि एका वयस्कर माणसाचा सावकाश आवाज. प्रत्येक धड्याखाली बघणाऱ्यांची संख्या एक. ती मीच. पण शिकवणं असं, की वहीतला पहिला रकाना एका दिवसात भरला. माझं घोडं जिथे अडायचं, तिथूनच पुढचा धडा सुरू व्हायचा. रविवारी गिटार आवाजाला गिळत होती. सोमवारचा धडा त्यावरच. चांगल्या शिक्षकाला विद्यार्थी कुठे अडणार ते माहीत असतं, असं मी स्वतःला सांगितलं.

मी भावाच्याच खोलीत, त्याच्याच टेबलाशी बसायचे. ते टेबल करकरतं. रेकॉर्डिंगच्या वेळी तो सारखा ओरडायचा, "ताई, कोपर काढ!" चौथ्या धड्यात मास्तर वाक्य मध्येच तोडून म्हणाले, "कोपर काढा." आणि पुढे शिकवू लागले. माझं कोपर टेबलावर होतं. काढलं. टेबलं सगळ्यांचीच करकरत असतील.

सातव्या धड्यात त्यांनी नमुन्याला एक रेकॉर्डिंग वाजवलं. मागे पंखा होता, टक् टक् करणारा. मी घड्याळ लावलं. एका मिनिटात सत्तेचाळीस. मग डोक्यावरचा पंखा लावून मोजला. सत्तेचाळीस. त्या दिवशी मी धडा अर्धवट सोडून उठले.

नववा धडा शांततेवर होता. भावाची एक शिस्त होती. गाण्याआधी तो अर्धं मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायचा. फ्रिज बंद, सगळे चिडीचूप. आई दारात ओला हात तसाच धरून श्वास रोखून उभी राहायची. "ही शांतता प्रोग्रामला ओळखायला लावा," मास्तर म्हणाले, "म्हणजे खोलीची घरघर तो गाण्याखालून काढून टाकेल. पण आधी ती स्वतः पूर्ण ऐका."

मी ऐकली नाही. पडद्यावर रेघ जवळजवळ सरळ होती, आणि मला घाई होती. निवडली, वजा केली. गाणं धुतल्यासारखं स्वच्छ झालं.

ठोक्याला ऐकवलं. त्याची बोटं पहिल्यांदाच थांबली.

"भारी झालंय, ताई. फक्त तो कुठे बसून गातोय ते कळत नाही."

मी धड्यांबद्दल त्याचे आभार मानले.

"कुठले धडे?" तो ओशाळला. "सॉरी ताई, मी लिंक पाठवायचं विसरूनच गेलो होतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला दवाखान्यात नेलं. आमच्या हेडफोनमधून हवा तेवढा मोठा आवाज देता येतो. ती नेहमीच्या सवयीने पाठ करून बसली, बटण हातात धरलं. आधी तपासणीचे सूर सोडले. दिवा लागला नाही. सगळ्यात मोठा सूर सोडला. दिवा लागला नाही.

सहा महिने अजून संपले नव्हते.

तरी मी गाणं लावलं. आवाज वाढवत नेला. पेटीच्या भिंतीतून मलाही पुसटसं ऐकू येत होतं, इतका. आई ताठ बसून होती, परीक्षेला बसल्यासारखी. गाणं संपलं. दिवा लागला नाही. मला उशीर झाला होता. मी तोंडावर हात दाबून रडले. तिची पाठ होती म्हणून बरं.

मग वाटलं, धुण्यात काही गेलं असेल. मूळ रेकॉर्डिंग लावलं, अर्ध्या मिनिटाच्या शांततेसकट.

चौथ्या सेकंदाला दिवा लागला.

गाणं सुरू व्हायचं होतं. मी रेकॉर्डिंग थांबवलं. दिवा तसाच. हेडफोनची वायर मशीनमधून उपसून काढली.

दिवा तसाच.

पेटीतल्या माइकमधून आईचा आवाज आला. ऐकू येईनासं झाल्यापासून ती मोठ्याने बोलते. आता कुजबुजत होती.

"कोपर काढ गं टेबलावरून. केव्हाचा सांगतोय तो."

माझं कोपर टेबलावर होतं.

काढलं.

"हं. आता गप्प. सुरू करतोय."

मी श्वास रोखला. घड्याळाकडे बघत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते मला येत नव्हतं. तीन मिनिटं अकरा सेकंद झाले. दिवा जळत होता. चार मिनिटं. चार मिनिटं सव्वीस सेकंदांना तो विझला.

आई दार ढकलून बाहेर आली. डोळे पुसले, हेडफोन माझ्या हातात दिले. लोंबणाऱ्या वायरकडे तिचं लक्ष नव्हतं.

"तिसरं कडवं सगळ्यात छान गायलाय," ती म्हणाली.