ढगातली बाग

"माझ्या बागेत रोज कुणीतरी शिरतंय," ओली छत्री दाराशी ठेवत वेदिका हळूच म्हणाली.

बाहेर श्रावणाची भुरभुर चालली होती. मारुती मंदिराजवळच्या सर्वेशच्या याच दुकानातून तिने सहा महिन्यांपूर्वी व्हिडिओ गेमचा जुना कन्सोल घेतला होता. त्याला ना सीडी, ना काही. खेळ सगळा क्लाउडवर, म्हणजे वेदिकाच्या भाषेत 'ढगात'. त्या ढगातल्या बागेत तिने अकरा हापूस लावले होते. विहिरीपाशी एक देवळीही होती. सकाळी घरच्या देवापुढे निरांजन झालं, की ती या देवळीतही दिवा लावायची. आईला न सांगता!

"काय चोरीला गेलं?" शेजारी उभ्या असलेल्या उंच, सावळ्या मुलाने विचारलं.

"चोरीला नाही… वाढतंय उलट. आयतं शिंपण झालेलं असतं. परवा तर विहिरीपाशी एक बाक आला."

त्याचे कान लाल झाले.

"बाक… आवडला नाही का?"

वेदिका बघतच राहिली. सर्वेशने घाईघाईने कॉम्प्युटर उघडला आणि कपाळावर हात मारला. "माझीच चूक हो, ताई! तुमचा आणि या ऋत्विकचा, दोन्ही कन्सोल मी एकाच खात्यावर चालू करून दिले."

"मला वाटायचं, झाडं कॉम्प्युटरच लावतो," ऋत्विक म्हणाला. "मग एक दिवस दिवा विझलेला दिसला… तेव्हा कळलं, इथे कुणीतरी माणूस येतं. आणि आज आलं नाही."

गेल्या संकष्टीला ती तापाने पडली होती. दिवा राहिला होता, तरी दुसऱ्या दिवशी तो तेवत होता.

"मग तो दिवा… तुम्ही लावलात? पारोशाने?"

"छे हो! संध्याकाळी पुन्हा आंघोळ केली. आई विचारते, कुणाच्या लग्नाला निघालास रे?"

वेदिकाला हसू आवरेना. तिने ओढणी तोंडाशी धरली.

"खाती वेगळी करतो," सर्वेश म्हणाला. "पण बाग एकालाच मिळणार. दुसऱ्याच्या वाट्याला नुसता कातळ."

"त्यांनाच दे. मी पंधरा दिवसांनी बोटीवर चाललोय… सात महिने."

अकरा हापूस आता तिचे एकटीचे. तरी तिला आनंद होईना. तो बाक केवढा लांब होता… एकटीने बसायचं कुठल्या टोकाला?

"बोटीवर कन्सोल नाही नेता येत?"

"कन्सोल कशाला? बाग क्लाउडवर आहे. नेट मिळालं की भर समुद्रातही मोबाईलवर उघडेल… पण बाग तुमची."

"मग करू वेगळी?" सर्वेशचं बोट बटणावर होतं.

"थांबा!" आपला आवाज एवढा मोठा होतो, हे वेदिकाला आजच कळलं. मग ती खाली बघत म्हणाली, "सकाळचा दिवा मी लावीन. संध्याकाळचा यांनी. पण नेम घेतला की मोडायचा नसतो हं… बोटीवरून परत आल्यावरसुद्धा."

ऋत्विकने तिची छत्री उचलून तिच्या हातात दिली, आणि लगेच सोडली नाही.

"म्हणजे दोनदा आंघोळ," तो म्हणाला, "…जन्मभर?"

वेदिकाने मान हलवली. होकाराचीच.