अधांतरी

लिफ्ट दुरुस्त करणारा तो मेकॅनिक खुर्चीत बसला की आधी छताकडे बघायचा. झोप उडाली होती, घास घशाखाली उतरत नव्हता, लिफ्टचं दार दिसलं की तो जिन्याकडे वळायचा. सख्खा थोरला भाऊ, कामातला जोडीदार, त्याच्या डोळ्यांदेखत लिफ्टच्या खोल पोकळीत कोसळून गेला होता. शेवटी वहिनीनंच त्याला हाताला धरून मानसोपचाराच्या बाईंकडे आणलं. नवरा तिचा गेला होता, आणि सावरत होती ती दिराला.

बाई नजरेचा उपचार करायच्या. त्यात जादूटोणा काही नव्हता. माणसानं तो प्रसंग मनात धरायचा आणि बाईंच्या दोन बोटांमागे डोळे डावी-उजवीकडे फिरवत राहायचे. आठवण राहते, तिची नांगी गळून पडते. बाईंनी कितीतरी माणसं अशी मार्गी लावली होती.

"काय दिसतंय?"

"दादा पडतोय. माझ्याकडे बघत."

काही बैठकांनंतर तो म्हणाला, "आता पडत नाही. अधांतरी थांबलाय."

बाईंना हायसं वाटलं. चित्र असं बदलायला लागलं, की गाडी रुळावर आली म्हणायची.

पुढच्या खेपेला भरदुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं, तरी खोलीत वंगणाचा आणि ओलसर सिमेंटचा वास दाटला होता. याच्या कपड्यांचा असेल, बाईंना वाटलं. पण हा तर अपघातापासून कामावर गेलाच नव्हता.

"काय दिसतंय?"

"दादाच. पण माझ्याकडे बघत नाही. तुमच्या बोटांकडे बघतोय."

बाईंनी हात खाली घेतला.

मेकॅनिकचे डोळे थांबले नाहीत. डावीकडे, उजवीकडे, संथ. बाईंच्या पाठीमागे कुणी येरझारा घालत असावं, तसे.

बाईंनी वळून पाहिलं. कोरी भिंत.

"थांबा आता."

डोळे थांबले. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

"मोकळं वाटतंय, मॅडम. दादा उतरला."

"उतरला? कुठे?"

"अहो, इथेच."

तो कामावर रुजू झाला. शीळ घालत काम करतो, असं बाईंच्या कानावर आलं. माणूस बरा झाला, आणखी काय हवं? बाईंनी स्वतःची समजूत घातली.

मग एका सकाळी वहिनी आली. दार उघडून धरत ती आधी बाजूला सरकली, क्षणभर थांबली, मग आत आली. चेहरा जागरणानं ओढलेला, पण आनंद त्यावर मावत नव्हता.

"उशीर झाला, मॅडम. जिन्यानं आलो ना. लिफ्ट म्हटलं की यांना धडकी भरते."

"कुणाला?"

"भाऊजींना बरं केलंत, आता यांचंही बघा. डोळ्याला डोळा लागत नाही हो यांचा." तिनं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मान हलवली. "बसा ना. मॅडम आपल्याच आहेत."

खुर्चीची गादी हळूच दबली.