चांदीचं पाऊल

लाईट यायला अजून तास आहे, तोवर ऐका. लोणखेड्याच्या भावेशच्या घरात घडलेलं आहे, आणि त्याच्या बायकोनं, प्रतिभानं, माझ्या घरी येऊन रडत सांगितलेलं आहे. तेव्हा मध्ये कुणी हसायचं नाही.

चोवीस सालचा तीस डिसेंबर, सोमवती अमावास्या. संध्याकाळी प्रतिभा शहाद्याला गेली, वीरसिंगच्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा त्यानं काढून ठेवला होता. डेटा कसला, शीलाचे फोटो. शीला म्हणजे भावेशची पहिली बायको, तापानं गेलेली. तिचे फोटो दुसरीकडे कुठंच नव्हते. झाडलोट करताना डिस्क कपाटावरून पडली, असं प्रतिभानं घरात सांगितलं होतं. पडली नव्हती. तिनं ढकलली होती.

जळायची हो बिचारी. नवरा जेवून उठला की ते फोटो उघडून बसायचा. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं.

त्यांच्या घरात दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीच्या नावाचं चांदीचं पाऊल गळ्यात घालायचं असतं. बोटाएवढं पान, त्यावर दोन पावलं कोरलेली, खाली मेलेलीचं नाव. सासूनं, तापीबाईनं, लग्नातच बजावलं होतं, "हाई गयामातून काढू नको, बेटा. तिले वाटाले नको, आपले इसरी ग्यात." प्रतिभानं महिन्याभरात ते काढलं आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसलं. कुणी विचारलं तर पदराआड आहे म्हणायची.

वीरसिंगनं नवी डिस्क तिच्या हातात दिली. "फोटो सर्वा सापडनात, वहिनी. नावं मातर गयात. कोनता कोना शे, तुम्हीच वळखा." म्हणजे फोटो सगळे मिळाले होते, फाईलींची नावं तेवढी उडाली होती.

वाटेतच तिनं ठरवलं. सगळं पुसून टाकायचं आणि ही डिस्कही बिघडली म्हणून सांगायचं.

रात्री बाराला शेतातली लाईट आली. भावेश केळीला पाणी द्यायला गेला. सासू झोपली होती. प्रतिभानं लॅपटॉप उघडला. पुसण्याआधी एकदा बघून घ्यावं, ही माझ्यापेक्षा उजवी होती का, एवढाच तिच्या मनात विचार.

शीला ओट्यावर बसलेली. शीला केळीच्या शेतात. शीला, भावेशच्या खांद्यावर डोकं टेकून. प्रतिभाच्या छातीत आग झाली.

पुढचा फोटो. शीलाच्या गळ्यात काहीतरी चमकत होतं.

चांदीचं पान... त्यावर दोन पावलं.

शीलाच्या आधी त्या घरात दुसरी बायको नव्हतीच. मग हे पाऊल कुणाचं?

तिनं मागचा फोटो पाहिला. तिथंही होतं. मघाशी नव्हतं. त्याच्या मागचा... तिथंही.

फोटो मोठा केला. नाव पुसट होतं. शीला म्हणजे दोन अक्षरं.

ही... तीन होती.

प्रतिभा उठली. दिवा न लावताच स्वयंपाकघरात गेली. डबा उघडला. तांदळात कोपरापर्यंत हात घातला. गार काहीतरी बोटांना लागलं. बाहेर काढलं, गळ्यात बांधलं. बघितलं नाही. फोटो पुसायचे राहूनच गेले. तशीच भिंतीला टेकून बसून राहिली... उजाडेपर्यंत.

सकाळी भावेश आला. फोटो पाहून त्याचे डोळे भरून आले. एकाही फोटोत शीलाच्या गळ्यात पाऊल नव्हतं. मग त्याला प्रतिभाच्या गळ्यातलं दिसलं. त्याला बरं वाटलं. जवळ येऊन त्यानं पान हातात घेतलं, उजेडाकडे फिरवलं. खालच्या नावावरून अंगठा घासून पाहिला.

म्हणाला, "याच्यावर तुन्हं नाव कोनी कोरं?"