वैद शेरीचं वळण

ही गोष्ट घडलेली आहे. जिच्या बाबतीत घडली ती बाई आजही भुजमध्येच राहते, आणि भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी ती नव्हे. आजवर तिने ही गोष्ट दोनच माणसांना सांगितली. दोन्ही वेळा त्याच क्रमाने, एकही शब्द न वाढवता.

श्रावणातला मंगळवार होता. दुपारचे चार वाजत आले होते.

म्हणजे रात्र नव्हती. अंधारही नव्हता.

हमीरसर तलाव त्या सकाळी काठोकाठ भरून सांडला होता. तलाव सांडला की भुजला सुट्टी, हा राजांच्या काळापासूनचा रिवाज. कचेऱ्या बंद, शाळा बंद. सगळं गाव पाणी बघायला तलावावर. ढोल, नारळ, घरोघर मेघलाडू.

फाल्गुनी मात्र घरीच होती. तिचे वडील जाऊन दोन महिनेही झाले नव्हते.

जयंतराय अंताणी. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. पहिल्या तासाला ते पुस्तक उघडू देत नसत. फळ्यावर जुन्या भुजचा कोट काढायचे, डोळे मिटून, एका रेषेत. कोटाची पाच नाकी. तलाव. दरबारगड. मग एकेक शेरी, म्हणजे गल्ली, तिच्या प्रत्येक वळणासकट.

"नाकी रात्री बंद व्हायची. मग उशीर झालेला माणूस घरी कसा जाणार?"

"छठ्ठी बारीतून, सर!" वर्ग ओरडायचा.

"बरोबर. राजानेसुद्धा उशिरा येणाऱ्यांसाठी एक खिडकी ठेवली होती. तुमच्यासाठी मी ठेवणार नाही. उद्यापासून वेळेवर या."

२००१ च्या भूकंपाच्या सकाळी, सव्वीस जानेवारीला, ते शाळेच्या मैदानावर होते. झेंडावंदनाला. पांढरे कपडे घालून.

जमीन हलायची थांबली तेव्हा ते घराकडे धावले. पण वैद शेरीच नव्हती. सगळीकडे सारखाच दगडमातीचा ढीग. ज्या माणसाने हजार मुलांना हे शहर तोंडपाठ करायला लावलं, त्याला आपलं घर कुठल्या ढिगाखाली आहे ते सापडेना. त्यांची बायको विजयाबेन तिसऱ्या दिवशी सापडली. तेही दुसऱ्यांना.

फाल्गुनी तेव्हा बडोद्याला शिकत होती. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पुढे नवा आराखडा झाला. जुन्या शेऱ्या सरळ केल्या, रुंद रस्ते काढले. वैद शेरीवरून एक मोठा रस्ता गेला. मधोमध दुभाजक, दुभाजकात कडुनिंबाची रोपं. बापलेकींना मुंद्रा रस्त्याला नव्या वसाहतीत घर मिळालं. बापुजी तिथे वीस वर्षं राहिले, पण त्या घराला कधी 'घर' म्हणाले नाहीत.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांना विसर पडू लागला. मग रोज दुपारी एकच.

इस्त्रीचा शर्ट घालायचा. चपला घालायच्या. रिक्षा थांब्यावर जायचं. "महादेव नाक्यातून आत घे. वैद शेरी. विजया वाट बघत असेल."

थांब्यावर जुसब नावाचा रिक्षावाला होता. खावड्याकडचा, तिशीतला. भुजमध्ये आला तो भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी. तो त्यांना बसवायचा, तलावाला एक फेरी मारायचा आणि परत आणून सोडायचा.

"बेन, घ्या तुमचे मास्तर. आज मला कोटाची लांबी विचारली. चुकलो. उद्या अंगठे धरायला लावणार आहेत."

वैशाखात जुसबचा पाय मोडला. तो गावी गेला. आणि बापुजींना फिरवणारं कोणी राहिलं नाही.

एका दुपारी ते शर्ट घालून दारात उभे होते. फाल्गुनीला तीन रात्री झोप नव्हती.

"विजया वाट बघत असेल," ते म्हणाले.

"ते घर नाहीये, बापुजी. त्याच्यावरून रस्ता गेलाय. बासुद्धा नाहीये. किती वेळा सांगू?"

ते तिच्याकडे बघत राहिले. एखाद्या हुशार मुलीने नकाशात नदी चुकीच्या बाजूला दाखवावी, तसे.

मग त्यांनी शर्टाची बटणं काढली. शर्टाची घडी घातली. परत कधी घरी जायचं म्हणाले नाहीत.

अकराव्या दिवशी झोपेतच गेले.

फाल्गुनी तेव्हापासून एकच गोष्ट घोळवत होती. एक फेरीच मारायची होती. पाऊण तासाचं काम होतं. खरं सांगून तिने काय मिळवलं?

तर त्या मंगळवारी, चारच्या सुमाराला, फाटकाशी रिक्षा थांबली.

जुसब होता. किंचित लंगडत आला आणि दारातूनच सुरू झाला.

"काय बेन, कमाल करता! आज एवढी गर्दी आणि मास्तरांना एकटं सोडलंत? शोधत असाल म्हणून धावत सांगायला आलो."

याला माहीत नाही, एवढंच फाल्गुनीच्या डोक्यात आलं. कालच गावाहून आला असणार.

"काळजी करू नका. नीट पोचवलंय. तलावाच्या पायऱ्यांवर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मला बघून म्हणाले, किती दिवस गैरहजर होतास? मी म्हटलं, पाय मोडला होता, सर. म्हणाले, चल, घरी सोड."

"इथे?" तिने विचारलं.

"इथे कशाला? त्यांच्या घरी! आणि बेन, तुमच्यावर मी रागावलोय बरं का. दोन वर्षं मला सांगत होतात, ते घर नाही, ते घर नाही. आहे की! मास्तर वळणं सांगत गेले, मी वळवत गेलो. महादेव नाक्यातून आत, मग उजवीकडे पाणपोई, माठावर लाल फडकं. तिथून डावीकडे. एवढी अरुंद शेरी मी उभ्या भुजमध्ये पाहिली नाही. दोन्ही कोपरं आत घेऊन चालवली रिक्षा."

फाल्गुनी खाली बसली.

पाणपोई होती. माठावर लाल फडकं असायचं. पण हे जुसबला कोणी सांगितलं?... बापुजींनी सांगितलं असेल. रोज बोलायचेच ते. हो. तसंच असणार.

"कोणी होतं तिथे?" तिने विचारलं.

"सगळे होते. सुट्टी ना. ओट्यावर एकजण दाढी करत होता. एक आजी शाल गुंडाळून शेगडीपाशी. रेडिओवर बँड चालला होता. आणि थंडी काय, बेन! शेरीत शिरलो आणि दातावर दात वाजायला लागले. बाहेर घामाच्या धारा, आणि आत..."

तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच विचित्र वाटलं असावं.

"जुन्या घरांत गारवा असतो," तोच म्हणाला. "पण एक होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. बोललं कोणीच नाही. फक्त काकी बोलल्या."

"कोण काकी?"

"तुमच्या बा. दुसरं कोण? डेलीचं दार उघडून उभ्याच होत्या. पिठाचे हात. मास्तरांना असं झापलं, मला हसू आलं. म्हणाल्या, 'झेंडावंदनाला एवढा वेळ लागतो का?'"

जुसब हसला.

"आता श्रावणात कसलं झेंडावंदन? मला वाटलं, दोघांनाही विसर पडलाय."

फाल्गुनीने भिंतीला हात लावला. भिंत होती.

"मग?"

"मग मास्तर उतरले. मी हात धरून उतरवलं. काकींनी माझ्या मागे रिक्षात वाकून बघितलं. म्हणाल्या, 'फाल्गुनी नाही आली?'"

"...आणि बापुजी काय म्हणाले?"

जुसब जरा घुटमळला. "रागावून नाही म्हणाले हं. साधंच म्हणाले... 'तिला हे घर दिसत नाही.'"

दूर तलावावर ढोल वाजत होते.

मग ती उठली. चपला घातल्या. "मला तिथे घेऊन चल."

"आत्ता?"

"आत्ता."

जुन्या शहरात चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं बंद, सगळे पाण्यावर. जुसबने महादेव नाक्यातून रिक्षा आत घातली. थोडं पुढे गेला. वेग कमी केला.

"इथे पाणपोई..."

इथे मोबाइलचं दुकान होतं. शटर खाली.

तो पुढे गेला. रुंद रस्ता, दुभाजक, कडुनिंब. त्याने रिक्षा वळवली. परत आला. परत गेला. तिसऱ्या फेरीला मध्येच इंजिन बंद करून बसला.

"इथेच वळण होतं, बेन. अल्लाची शपथ. तासही झाला नाही."

"जुसब, बापुजी गेले. ज्येष्ठात."

त्याने मागे वळून पाहिलं. मग त्याने स्वतःचा उजवा तळवा वर केला आणि नुसता बघत राहिला.

"हात गरम होता त्यांचा," तो म्हणाला.

फाल्गुनी उतरली.

"डेली कुठे होती?"

त्याने बोटाने दाखवलं. दुभाजकाच्या अलीकडे, डांबराचा एक तुकडा. इतर डांबरासारखाच.

ती तिथे जाऊन उभी राहिली. वीस वर्षं ती या रस्त्याने येत-जात होती. कामाला, बाजाराला. एकदाही थांबली नव्हती. थांबायचं काय, तिने मनातसुद्धा कधी म्हटलं नव्हतं, इथे स्वयंपाकघर, इथे माझा पलंग. नाही म्हणजे नाही. तसं केलं म्हणूनच जगता आलं, असं तिला वाटत आलं होतं.

आता तिने आठवायचा प्रयत्न केला. डेलीचा रंग... हिरवा? की निळा?

आठवेना.

बापुजींना सगळं विसरून हे आठवत होतं. आणि तिला सगळं आठवत होतं, फक्त हे नाही.

"बा," ती म्हणाली. मोठ्याने नाही.

तेवढ्यात ढोल थांबले.

एखादा ताल संपावा तसे नाही. मध्येच. कोणी कानावर हात ठेवावा तसे.

रस्त्यावर कुत्रं नाही. तारेवर पारवा नाही. कडुनिंबाची पानं हलत होती, पण सळसळ ऐकू येत नव्हती.

आणि तिच्या पायांना थंडी लागली.

घोट्यापर्यंत... मग गुडघ्यापर्यंत. जानेवारीतल्या सकाळी दगडी फरशीवर अनवाणी उभं राहिल्यावर लागते तशी.

मग तिला ऐकू आलं. अगदी समोर, हाताच्या अंतरावर.

लोखंडी कडी.

लाकडावर हळूच सरकलेली. दुपारी घरात कोणी झोपलेलं असलं की बा सरकवायची, तशी जपून.

एकदाच.

समोर रस्ता होता. पलीकडे बंद दुकानं होती. तिने हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. तरी तिला पाऊल पुढे टाकता आलं नाही.

किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही. ढोल परत सुरू झाले. पायांतली थंडी उतरली. घामाने पाठ ओली झाली होती.

ती मागे वळली. जुसब रिक्षाच्या बाहेर उभा होता. टोपी हातात, डोळे तिच्या मागे, रस्त्याच्या त्याच तुकड्यावर.

तिने त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

"बेन," त्याने हलक्या आवाजात विचारलं, "कडी काढली... की घातली?"



ते तिला आजही ठरवता आलेलं नाही.