राग माझा, शब्द तुमचे

"ती डिक्शनरी वाचताय, की नुसती उशाला घेतलीय?"

वाचनालयात इतक्या मोठ्यानं कुणी बोलत नसे. मुद्रितशोधकानं दचकून मान वर केली. समोर ओल्या केसांची एक मुलगी उभी होती. तलावावर पोहायला शिकवायची ती, आणि या क्षणी तिच्या नाकाचा शेंडा रागानं लाल झाला होता. त्यानं मुकाट्यानं डिक्शनरी पुढे सरकवली. छापील पानांवरच्या चुका बेधडक खोडणारा हा माणूस, पण माणसांसमोर तोंडातून ब्र काढत नसे.

तलाव चालवणाऱ्या नव्या कंपनीनं ती घेत असलेला आज्जीबाईंचा सकाळचा वर्ग बंद केला होता. का, तर म्हणे त्या फार हळू पोहतात, जागा अडवतात. अर्ज इंग्रजीतच हवा होता, तो तिनं खरडलाही होता. त्यानं वाचला… आणि त्याचे ओठ हलले.

"हसताय?"

"नाही… पण 'तळपायाची आग मस्तकात गेली' हे इंग्रजीत शब्दशः लिहिलंत, तर ते आगीचा बंब पाठवतील."

मनात नसताना तिला हसू फुटलं. मग ती खुर्ची ओढून बसलीच.

'ॲंग्री' हा शब्द त्यानं अर्जातून काढायला सांगितला, तेव्हा ती पुन्हा तडकली. त्यानं हलक्या आवाजात समजावलं. आपल्या पायावर कुणी पाय दिला की आपण 'ॲंग्री' होतो. अन्याय बघून चीड येते, तेव्हा 'इंडिग्नंट'.

"पण हा शब्द एकटा उभा राहत नाही," तो म्हणाला. "कशाबद्दल, ते लगेच सांगावं लागतं. नाहीतर नुसता फणकारा वाटतो."

कशाबद्दल… तिनं अर्ज बाजूला सारला. मग सांगू लागली. वर्गातली एक आज्जी जिना चढताना रडकुंडीला येते, पण पाण्यात उतरली की गुडघे विसरते. परवाच तिनं पहिल्यांदा कठडा सोडला होता, आणि दुसऱ्याच दिवशी तलावावर वर्ग बंद झाल्याची पाटी लागली. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. त्यानं ते सगळं साध्या इंग्रजीत उतरवलं आणि पुढे बराच वेळ तो कागदाकडे नाही, तिच्याकडेच पाहत राहिला.

कंपनीच्या साहेबांना भेटायच्या दिवशी तोही सोबत गेला. स्पेलिंग विचारलं तर, म्हणून.

साहेबांनी पहिल्या ओळी वाचून भुवया उंचावल्या. शब्द भारी आहेत, कुणी लिहून दिले, असं विचारलं.

"शब्द यांचे आहेत," ती म्हणाली. "राग माझा आहे."

बायकांचं हे असं, उगाच भावनेच्या भरात… साहेबांचं वाक्य पुरं झालं नाही. मुद्रितशोधक उठून उभा राहिला होता.

"कारण दिलंय त्यात. दुसरा परिच्छेद. आधी वाचा."

आवाज असा चढला की दारातून शिपाई डोकावला. साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग वर्ग पुन्हा सुरू करायला ते कबूल झाले, निदान आठवड्यातून तीन दिवस.

बाहेर पायऱ्यांवर तिनं त्याच्या अजून लाल असलेल्या कानांकडे पाहिलं.

"मघाशी तुम्हाला जे आलं, ते काय होतं हो?"

"इंडिग्नंट… असावं."

"मग कशाबद्दल, ते लगेच सांगावं लागतं."

तो चाचरला. जन्मभर शब्दांत वावरला, आणि आता एक धड शब्द सापडेना.

"तुम्हाला कुणी असं बोललेलं मला सोसत नाही. म्हणजे… मला तुम्ही आवडता. डिक्शनरी मागितलीत, तेव्हापासून. वाक्य नीट जुळलं नाही, थांबा—"

तिनं त्याचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "हे दुरुस्त करू नका."