पेवाचा वास

माणसाच्या नाकात एवढी पट्टी मावते, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. डॉक्टरांनी माझ्या वरच्या ओठाखाली चीर दिली, गालाच्या हाडात साचलेला पू काढला आणि रक्त थांबावं म्हणून पिवळ्या औषधात भिजवलेली बोटभर रुंदीची पट्टी दोन्ही नाकपुड्यांत घड्या घालत घालत ठासून भरली. वरून नाकाखाली कापसाची गादी बांधली.

"मिशी शोभती तुला, छबू," आमचे मालक म्हणाले. मालक म्हणजे माझे यजमान, सूर्यभान. हसायची सोय नव्हती. हसलं की टाके ओढायचे. तोंडानं श्वास घेऊन घेऊन जिभेची चामडी झाली होती.

आमची वस्ती पारनेरच्या बाजूला, गावापासून लांब शेतात. तिथं एका तापानंतर माझं नाक जे बंद झालं ते कायमचं. भाकरी करपली की मला डोळ्यांनी कळायचं. दवाखान्याचं नाव काढलं की मालक म्हणायचे, "नाकानं कुनी मरतंय व्हय?" पण दुष्काळात सडकेच्या कामावर खडी फोडताना धुळीनं डोळा सुजला आणि मी उन्हात आडवी झाले. तिथल्या सरकारी डॉक्टरनं मला परस्पर नगरला धाडलं. मालक मागाहून आले, तोंड पाडून. मला वाटलं, काळजीनं.

वॉर्डात मरियम सिस्टर होती, नेवाशाकडची. सारखी येऊन माझी जीभ दाबायची आणि घशात बॅटरी मारायची.

"मावशी, रक्त गिळू नका हां. थुंका. आणि पट्टी निघेपर्यंत वास-बिस विसरा."

"ते मी कवाच विसरले, बाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला वास आला.

आधी विश्वासच बसला नाही. आंबूस, उबट, थोडा गोडसर. पेवातल्या ज्वारीचा. पेव म्हणजे धान्य ठेवायला जमिनीत खणलेला खड्डा. तोंड अरुंद, पोट भलंमोठं. तोंड उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर माणूस उतरवायचा नाही. आतली हवा मारते. तिथल्या ज्वारीच्या भाकरीला आम्ही लहानपणी नाकं मुरडायचो. माझा धाकटा भाऊ भीमा तेवढा मागून मागून खायचा.

"सिस्टर, सैपाकघरात ज्वारी आलीय का?"

"कुठली ज्वारी, मावशी? यंदा रेशनची परदेशी लाल मिलो खायची नि गप बसायचं. आणि तुम्हाला वास येतोच कसा?"

डॉक्टर म्हणाले, मेंदूला जुने वास आठवतात. मला पटलं. शाळा नशिबात नव्हती, पुड्यांचे कागद वाचत मी शिकले, पण शहाण्याचं ऐकावं एवढं कळत होतं.

तेवढ्यात मालक चहा पिऊन आले आणि स्टुलावर बसले. वास एकदम दाट झाला. त्याच्याखालून दुसरा वर आला: करडईच्या तेलाचा आणि ओल्या घोंगडीचा. माझ्या घशात ऊन धार उतरली. गादी लाल झाली. डॉक्टरांनी धावत येऊन आणखी पट्टी दाबली, बर्फ ठेवला, मालकांना बाहेर काढलं. ते गेले आणि वास विरळ झाला. रक्तही थांबलं.

करडईचं तेल भीमाच्या डोक्याला असायचं, घोंगडी खांद्यावर. आईबाप गेल्यावर तो आमच्याकडेच राहायचा. त्याची जमीन आमच्या बांधाला लागून. एका उन्हाळ्यात मी जत्रेवरून परतले तर तो नव्हता. मालक म्हणाले, "मुंबईला गेला, गिरणीत. ताईला सांगू नका म्हनला, रडंल." जमीन आम्ही कसत राहिलो. भीमाची चिठ्ठी नाही, चपाटी नाही. मी त्याच्यावर असा राग धरला की भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचे आणि मनात म्हणायचे, हा तरी दर महिन्याला तोंड दाखवतो.

त्याच उन्हाळ्यात आमच्या पेवावर गोठा आला. मालकांना देवाचं वेडही तेव्हाच लागलं. गोठ्यात सकाळ-संध्याकाळ ऊद जाळायचे. मला वास कसला येतोय? धुरानं डोळे तेवढे चुरचुरायचे. मी आपली खूश, नवरा मार्गाला लागला म्हणून.

आणि यंदा, घरोघर जुनी पेवं उकरून दाणा दाणा काढला लोकांनी, तेव्हा आमचे मालक म्हणाले होते, "आपल्यात काय न्हाई. उघडायचं न्हाई."

मी उशीला टेकून छताकडं बघत राहिले. रडता येत नव्हतं. रडायलाही नाक लागतं.

पट्टी काढायच्या सकाळी मालक डॉक्टरांना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की अजून. आमाला काय घाई न्हाई."

"अहो, आत सडेल. घाण वास सुटेल."

"तिला कुटं वास येतो?"

डॉक्टर हसले आणि हात धुवायला गेले. मी मालकांना जवळ बोलावलं. ते बसले, तसा तो वास आला. उशाशी कुणी उभं असावं इतका जवळून.

"अहो, भीमा जाताना कुठं उभा होता?"

"आँ?"

"तुम्हाला सांगताना. दारात होता, का गोठ्याच्या जागी?"

"हितं काय काढलंस ते?" ते माझ्याकडं बघत नव्हते.

"त्यानं कंदील सोडून बघितला होता का?"

मालक उठले. बाहेर गेले.

मरियमनं हनुवटीखाली वाडगं धरलं. डॉक्टरांनी चिमट्यानं टोक पकडलं.

पट्टी येऊ लागली. पिवळी. मग लाल. मग काळी.

डोक्यातून कुणी दोरी ओढत होतं, खोल खड्ड्यातून ओढावी तशी.

शेवटचं टोक निघालं. रक्ताचे दोन थेंब पडले आणि थांबले.

"हळूच श्वास घ्या, मावशी."

घेतला. फिनेल. ओली फरशी. मरियमच्या हातांचा साबण. इतक्या वर्षांनी. पेवाचा वास कुठंच नव्हता.

तेवढ्यात मालक दारात आले आणि उंबऱ्यावरच थबकले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी नाकाला लावलं.

"सिस्टर, काय सडलंय हितं?"

मरियमनं वाडगं हुंगलं. "औषधाचा वास आहे, काका. दुसरा कसला?"

"न्हाई. आंबूस..." त्यांनी उपरणं घट्ट दाबलं.

मी त्यांच्याकडं बघितलं. इतकी वर्षं ज्याला भाकरी वाढली ते माणूस. माझा आवाज मऊच निघाला.

"ऊद जाळायचा का, अहो?"

पांढऱ्या उपरण्यावर नाकासमोर एक लाल ठिपका उमटला होता. बघता बघता तो तळव्याएवढा झाला.

डॉक्टरांनी त्यांना माझ्याच खाटेवर बसवलं, मान धरली आणि नवी पट्टी भरायला घेतली. रक्त थांबेना. पट्टी आत जात राहिली. मरियमच्या हातातली गुंडाळी संपली.

"दुसरी आण," डॉक्टर म्हणाले. मग थोड्या वेळानं, जरा चमकून, "अजून एक."