फ्रीजपाशी, एक वीत अंतरावर

“ए, जरा हा पाना धर ना!” असं म्हणत एका अनोळखी मुलानं ऑर्नेलाच्या हातात पाना कोंबला, आणि त्याच क्षणी तिच्या क्लबनं गोल मारला.

मुलाचं नाव नाहुएल. ओस्वाल्दोकाकांच्या बारमधला फ्रीज दुरुस्त करायला तो आला होता. ऑर्नेला काकांची सख्खी पुतणी. टीव्हीवर खंडाच्या कपाचा उपांत्यपूर्व सामना चालू होता, क्लब दोन गोलांनी मागे होता आणि सगळ्या बारवर सुतकी कळा आली होती. पाना हातात आला आणि पाठोपाठ तीन गोल झाले!

काकांनी डोळे पुसत फर्मान काढलं. “फ्रीजवाला फ्रीजपाशी. ऑर्नेला त्याच्या डावीकडे, मध्ये एक वीत अंतर. पाना तिच्या हातात. कप मिळेपर्यंत यात काडीचाही बदल नाही!”

“आणि सामना नसेल तेव्हा?” नाहुएलनं विचारलं. नजर मात्र ऑर्नेलाकडे...

“आजच्या आधी भेटला होतात?”

“नाही.”

“मग सामन्याशिवाय भेटायचं नाही. फोनसुद्धा नाही.”

यावर कोणीही हसलं नाही. याला काबाला म्हणतात, आणि अवेयानेदासारख्या फुटबॉलवेड्या गावात काबालेची थट्टा करत नाहीत. ज्या दिवशी जिंकलो, त्या दिवसासारखंच सगळं ठेवायचं. मागे एकानं उपांत्य सामन्याला मोजे बदलले, तर सख्ख्या भावानं वर्षभर त्याच्याशी अबोला धरला होता.

क्लब जिंकत गेला. नोव्हेंबरात खंडाचा कप आला, रस्ते नाचले. सुटलो एकदाचे, असं ऑर्नेलाच्या मनात आलं न आलं तोच काका गरजले, “सुपर कप राहिलाय! दुसऱ्या स्पर्धेचा विजेता ब्राझीलचा आहे. फेब्रुवारीत दोन्ही विजेते दोन सामन्यांत भिडणार. तोवर जसं आहे तसं!”

तोवर म्हणजे तीन महिने.

पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला हे महिने उन्हाळ्याचे, आणि उन्हाळा असा की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटावं. फ्रीज बिचारा घुं घुं करत इमानानं चालत होता, आणि ऑर्नेलाला त्या इमानदारीचा भयंकर राग येत होता. एकदा तर तिनं त्याची वायरच ओढून काढली. मग जीभ चावली आणि पुन्हा लावून टाकली. क्लबवर तिचाही जीव होता. पण रोज संध्याकाळी दार वाजलं की तिची मान वळायची, आणि आत दुसरंच कोणीतरी यायचं.

पहिला सामना ब्राझीलमध्ये बरोबरीत सुटला. एक शब्द न बोलता दोघांनी तो पाहिला, कारण काका नेमके मागेच उभे होते. दुसरा घरच्या मैदानावर, गुरुवारी. काका गल्ल्यापाशी होते.

“सुट्टीत काय केलंस?” तिनं टीव्हीकडे बघतच विचारलं.

“सामन्याची वाट पाहिली.”

“ती काय, सगळेच पाहतात.”

“मी फुटबॉलसाठी नाही पाहिली...”

“श्श! काका ऐकतील.”

त्यानं काकांकडे चोरून पाहिलं. मग हळूच म्हणाला, “रविवारी मी उश्वायाला चाललोय. मासळीच्या शीतगृहात नोकरी लागलीय. दोन वर्षं.”

उश्वाया... म्हणजे देश संपतो तिथं!

“आणि हे आज सांगतोस?”

“आधी कुणी भेटू दिलं?”

एक-एक अशी बरोबरी होती. एकोणनव्वदाव्या मिनिटाला क्लबला पेनल्टी मिळाली. बारनं श्वास रोखला. गोल झाला की सगळे रस्त्यावर धावणार, त्या गर्दीत हा हरवणार, आणि रविवारी निघून जाणार... इतके महिने शहाण्यासारखी वागलेली ती मुलगी! तिनं पाना फ्रीजवर ठेवला आणि त्याचा हात धरला. त्याची बोटं घट्ट मिटली.

चेंडू गोलखांबावरून उडाला. आणि दोन मिनिटांत ब्राझीलवाल्यांनी गोल केला.

काकांनी टीव्ही बंद केला. “कोणी काय बदललं?”

सगळ्यांनी आपापल्या जागा तपासल्या.

“मी,” नाहुएल म्हणाला. “मी हिचा हात धरला.”

“खोटं बोलतोय, काका! मी धरला.”

“मी धरणारच होतो—”

“पण धरला मी!”

रडवेल्या तोंडाची तीस माणसं त्या दोघांचं भांडण बघत राहिली.

“एवढे महिने थांबलीस, पोरी,” काका कळवळून म्हणाले, “आणखी एक मिनिट नाही थांबवलं?”

“नाही थांबवलं, काका. मला हा आवडतो. कपापेक्षा जास्त.”

असलं वाक्य त्या बारमध्ये आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. काकांनी कपाळावर हात मारला. “चालते व्हा दोघंही! परत जोडीनं सामना बघताना दिसलात तर याद राखा!”

बाहेर अजून उजेड होता. रस्ता सुना पडला होता. ऑर्नेलाला रडू आवरेना. कपासाठी किती आणि याच्यासाठी किती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

“रविवारची बस मात्र खरी आहे...” तो म्हणाला.

“माहीत आहे.” तिनं नाक पुसलं. “नाहुएल, इतके सामने तुझ्या शेजारी उभी राहिले... आणि तुला खायला काय आवडतं, तेसुद्धा मला माहीत नाही.”

मग तो सांगू लागला. रविवारच्या आत सगळं सांगून व्हायला हवं होतं, म्हणून फार भराभर सांगू लागला.